ब्लोअरची हवा कमी केली की वीज वाचतेच, असं नाही

कुडाळ-सावंतवाडीकडच्या भातगिरणीवाल्यांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय: 'तूस वर नेणाऱ्या उभ्या पाइपात हवा जितकी कमी, तितका दाब कमी, वीजबिलही कमी.' यातलं अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यापायी पाइप तुंबतो.

हवेचा वेग उतरवत गेलं की सुरुवातीला घर्षण घटतं, दाब खरंच कमी होतो. पण एका मर्यादेनंतर तो उलट चढायला लागतो. तूस तेवढंच येत राहतं, वर मात्र सावकाश जातं. पाइपात त्याची गर्दी होते आणि तो सगळा भार हवेला पेलावा लागतो. दाबमापकाचा काटा झुलू लागतो, पाइपला हात लावला तर ठोके जाणवतात. पंख्याचा ब्लोअर असेल तर आणखी वाईट: समोरचा दाब वाढला की तो हवा अजूनच कमी देतो, मग तूस धाडकन खाली बसतं.

पावसाळ्यात हा दोष दमट हवेवर ढकलला जातो. ओलं तूस चिकटतं हे खरंच, पण कोरडंही असंच तुंबतं. ठोके जाणवले तर आधी माल कमी करा, हवा नव्हे. आणि कृपा करून तो मेसेज पुढे पाठवू नका.