सेंटरले कोणताही स्पीकर चालत नाही, अन् ट्रॅक्टरचा तं नाहीच

"होम थेटरचं सत्य" म्हणून एक मेसेज फिरून राहिला सगळ्या ग्रुपवर. त्यात लिहिलं आहे की समोरचे दोन स्पीकर अन् मधला सेंटर स्पीकर एकमेकांशी जुळणारे घ्या ही कंपन्यांची लुटायची आयडिया आहे, सेंटरमधून नुसते डायलॉग येते, वॅट सारखे पाहा, बाकी रिसीव्हर (सगळे स्पीकर चालवणारी मशीन) आपोआप जमवते, अन् पैसे नसन तं ट्रॅक्टरचे जुने दोन स्पीकर सेंटरले एकत्र जोडा, आवाज दुप्पट. मी सोडून दिलं असतं, पण दारव्ह्याकडच्या आमच्या मामानं कापसाच्या चुकाऱ्यातून रिसीव्हर अन् समोरची जोडी घेतली, अन् हाच मेसेज मले पाठवून विचारते, "काढू का रे बापू ट्रॅक्टरचे?"

नका काढू मामा. आधी हेच सांगतो, कारण यानं मशीन जळते.

गाडी-ट्रॅक्टरचे स्पीकर बहुतेक 4 ओहमचे असते (ओहम म्हणजे स्पीकर करंटले किती अडवते, आकडा लहान तं करंट जास्त). दोन पॅरलल, म्हणजे दोन्हीच्या वायरी एकाच जागी, जोडले की झाले 2 ओहम. घरचा रिसीव्हर साधारण 6 ते 8 ओहमसाठी बनवला असते, मागं वायर लावतो तिथंच छापलं असते, वाचून घ्या. तेवढ्याच व्हॉल्यूमले 8 ओहमच्या जागी 2 ओहम लावला तं करंट चौपट ओढला जाते. रिसीव्हर प्रोटेक्शनमध्ये जाऊन बंद पडला तं सुटलो म्हणा, नाही तं आउटपुटचे ट्रान्झिस्टर गेले अन् मशीन घेऊन यवतमाळ नाही तं नागपूर. बरं आवाज तरी दुप्पट होते का? कानाले दुप्पट वाटायले साधारण 10 डेसिबल वाढ लागते, एकाचे दोन करून फार तं 6 मिळते, तेही अँपनं तेवढा करंट दिला तं. कोणी म्हणन सिरीजमध्ये, म्हणजे एकामागं एक, जोडा, 8 ओहम होते. होते, रिसीव्हर वाचते, पण बिना डब्याचा गाडीचा स्पीकर टीव्हीखाली ठेवला तं जाडा आवाज निघतच नाही, हिरो नाकातून बोलते. असं कोणाले सांगायच्या आधी लिहिणाऱ्यानं एकदा तरी ओहम पाहाचा होता.

आता "नुसते डायलॉग". पडद्याच्या मधात जे घडते ते सगळं सेंटरमधून येते, पावलं, गाड्या, मारामारी सगळं. सराउंडच्या मांडणीचा जगभर धरला जाणारा कागद आहे आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचा, बीएस 775. त्यात ऐकणाऱ्याच्या बरोबर समोर सेंटर शून्य अंशावर, डावा-उजवा 30-30 अंशावर, बाजूचे-मागचे सराउंड स्पीकर 100 ते 120 वर. म्हणजे समोरचे तिघं मिळून एकच चित्र उभं करते. बुलेट डावीकडून उजवीकडे चालली अन् मधला स्पीकर वेगळ्या सुराचा असन तं मधात आल्यावर तिचं इंजिनच बदलल्यासारखं ऐकू येते. टॉकीजमध्ये पडद्यामागं तिन्ही सारखेच लावते ते याच्याचसाठी.

वॅटचं तं सोडाच. वॅट म्हणजे स्पीकर किती सोसते, किती वाजते ते नाही. सेन्सिटिव्हिटी पाहा, म्हणजे एका वॅटमध्ये एक मीटरवर किती वाजते ते: 91 डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर 50 वॅटमध्ये जेवढा वाजते तेवढं वाजायले 85 वाल्याले 200 वॅट लागते.

रिसीव्हरसंगं येणारा सेटिंगचा माइक लेव्हल अन् अंतर जमवते, टोनही थोडा सुधारते, पण माइक ठेवला तेवढ्याच जागेसाठी. आपल्याकडं अर्धे लोक दिवाणावर अन् अर्धे खाली चटईवर. आडव्या सेंटरचा आवाज बाजूले बसलेल्याले वेगळाच पोहोचते, ते माइक काय करन?

एक गोष्ट मात्र त्या मेसेजमधली अर्धी खरी आहे, कंपनीचं नाव सारखं असून काही होत नाही. एकाच कंपनीच्या दोन सिरीजचे (मॉडेलच्या मालिकांचे) आवाज वेगळे असू शकते. सिरीज सारखी पाहिजे, ट्विटर (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) सारखा पाहिजे. अन् मागचे सराउंड थोडे वेगळे असले तं एवढं खटकत नाही, तिथं पैसे वाचवा.

तं मामा, सध्या सेंटर लावूच नका. सेटिंगमध्ये जाऊन सेंटर "नन" करा, डायलॉग समोरच्या दोघायमधून येईन अन् मधात बसणाऱ्याले बरोबर मधूनच ऐकू येईन. बाजूवाल्याले जवळच्या डब्यातून येईन, तेवढं चालवून घ्या. पुढच्या चुकाऱ्याले त्याच सिरीजचा सेंटर आणू, मी येतो संगं.