बैलाचा चौथा पाय

पेट्रोलवरच्या विनोदाला हसायचं तर दारात गाडी लागते, हे मला काल सकाळी लोकलमध्ये कळलं.

ठाण्याला चौथी सीट मिळाली होती. म्हणजे अर्धा मी सीटवर, अर्धा दैवाधीन. शेजारच्या काकांच्या हातात चार घड्या घातलेला पेपर. दुसऱ्याचा पेपर वाचताना नजर तिरकी आणि चेहरा कोरा ठेवायचा, हा डब्याचा अलिखित नियम. तो माझ्याकडून मोडला. मी हसलो.

व्यंगचित्र होतं पेट्रोल पंपाचं. स्कूटरला बैल जुंपलेला, मालक हेल्मेट घालून ऐटीत बसलेला, आणि नळी घेऊन धावत आलेल्या पोऱ्याला सांगतोय, "फक्त हवा!"

"का हसलात?" काकांनी विचारलं.

"चांगलंय चित्र."

"मला नाही आलं हसू. सांगा बरं समजावून."

सांगितलं. पेट्रोल परवडत नाही म्हणून बैल, पण टायरला हवा लागतेच, आणि ती तेवढी फुकट.

"ते कळलं हो. बैल म्हणजे शेअर बाजार ना?"

"बैल म्हणजे बैल, काका."

"मग याला तीनच पाय कसे?"

मी वाकून मोजले. तीनच. समोरच्या सीटवरचे दोघेही वाकले. एकजण म्हणाला, "तीन पायांचं सरकार दाखवलंय." दुसरा म्हणाला, "कुठलं? आपल्याकडे आता सगळीच तीन पायांची असतात." मुलुंड मागे पडलं तरी बैल एका पायाने अधूच.

मी आपलं शहाणपण काढलं. म्हटलं, 1973 साली पेट्रोल महागलं तेव्हा वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले होते, त्याची ही आठवण असेल.

काका विचारात पडले. "पण तो बैल इतकी वर्षं जगेल कसा?"

यावर काय बोलणार! खरं तर दया यायला हवी ती व्यंगचित्रकाराची. पूर्वी दरवाढ दरोड्यासारखी यायची. मध्यरात्रीपासून भाव वाढणार म्हटल्यावर पंपावर रांगा लागायच्या, भांडणं व्हायची, चित्र आयतं तयार. 16 जून 2017 पासून भाव रोज ठरायला लागला आणि दरोडेखोराचा खिसेकापू झाला. तोही मोठा समजूतदार. 2021 च्या नोव्हेंबरपासून साडेचार महिने याने खिशाला हात लावला नाही. पाच राज्यांच्या निवडणुका उरकल्या आणि 22 मार्च 2022 पासून 80-80 पैशांनी असा कामाला लागला, की पंधरवड्यात दहा रुपये गेले. 80 पैशांचं कोणी काय चित्र काढणार?

"तुमची गाडी कुठली?" काकांचा पुढचा प्रश्न.

"गाडी नाही."

"स्कूटर?"

"तीही नाही."

"मग तुम्ही कशाला हसलात?"

डबा हसला. दारात लटकलेला एकजणसुद्धा हसला, ज्याला चित्र दिसतही नव्हतं.

रात्री अंथरुणात मला उत्तर सुचलं. माझी कोथिंबीर नाशिकहून काय पायी येते? टेम्पोच्या डिझेलचे पैसे त्या जुडीतूनच देतो ना मी? आणि 2020 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत कच्च्या तेलाचा भाव शून्याखाली गेला, तेव्हा आपल्याकडे काय झालं? मे महिन्यात केंद्राने लिटरमागे पेट्रोलवर 10 आणि डिझेलवर 13 रुपये कर वाढवला. स्वस्ताई निघाली होती, वाटेतच उतरवली. स्कूटर नसलेल्या माणसाला यावर रडायची परवानगी आहे, फक्त हसायची नाही? पण काल घाटकोपरला मी नुसतं "हॅ हॅ" केलं.

कुर्ला गेलं आणि काका एकदम खदखदले. "अहो, फक्त हवा!" समोरच्यांना त्यांनी सगळा विनोद माझ्याच शब्दांत समजावला आणि माझ्याकडे मान उडवत म्हणाले, "यांच्याकडे गाडी नाही ना, यांना नाही कळायचं."

दादर आलं. उतरायला उठताना काकांनी पेपर या हातातून त्या हातात घेतला, तेव्हा दिसलं. चौथा पाय होता. इतका वेळ त्यावर त्यांचा अंगठा होता.