परत आलेल्यांनी घराला वळण कसं लावावं

दहा-बारा वर्षं परदेशात काढून तुम्ही सहकुटुंब मराठवाड्यात परत येताय, हे फार बरं झालं. तुमच्यावाचून इथलं सगळं अडलंच होतं. आता पहिल्या वर्षात तुम्ही इथे रुळायचं असतं, असा एक गैरसमज लोकांत आहे. तो आधी काढून टाका. रुळायचं घरच्यांनी. तुम्ही फक्त सांगायचं.

हे मी हवेत बोलत नाही. माझा थोरला भाऊ, वहिनी आणि तेरा वर्षांचा पुतण्या न्यू जर्सीहून लातूरला कायमचे परत आले, त्याला वर्ष होत आलं. मी या मधल्या काळात लातुरातच राहिलेला धाकटा. म्हणजे फोनवर ज्याच्याबद्दल ‘तो काय, घरी असतोच की’ असं म्हणतात, तो.

हैदराबादला उतरून, नऊ बॅगा गाडीच्या टपावर बांधून तुम्ही गल्लीत शिराल, तेव्हा पहिला प्रश्न येईल, “कवा आलाव?” दुसरा, “सुट्टी किती दिसाची?” यावर ‘कायमचे आलो’ असं खरं उत्तर देण्याची चूक करू नका. दादानं केली. समोरचा दोन क्षण गप्प झाला आणि आवाज खाली आणून म्हणाला, “काढलं काय?” मग दादानं मुळांविषयी, मातीविषयी, आईवडिलांच्या वयाविषयी दहा मिनिटं सांगितलं. त्यानं सगळं मन लावून ऐकलं, मान डोलावली. पुढच्या आठवड्यात तोच माणूस किराणा दुकानात भेटला. “मग, सुट्टी किती राहिली?”

घरात पाऊल ठेवल्यावर आधी चुका शोधा. आमच्या बैठकीत दोन घड्याळं आहेत. एक इथलं. दुसरं आईनं लावून घेतलेलं, न्यू जर्सीच्या वेळेचं. इथे संध्याकाळचे साडेसात म्हणजे तिथे सकाळचे दहा, हे तिला पाठ होतं. हिवाळ्यात मात्र नऊ, कारण तिथले लोक मार्चमध्ये घड्याळ तासभर पुढं सारतात आणि नोव्हेंबरात पुन्हा मागं आणतात. त्यामुळे वर्षातून दोनदा स्टुलावर चढून ते घड्याळ सारायचं काम माझ्याकडे. बारा वर्षं केलं. आल्याच्या तिसऱ्या दिवशी दादा बैठकीत उभा राहून म्हणाला, “हे घड्याळ चुकतंय. काढून टाक.” आईनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. त्या आठवड्यात ते घड्याळ पुतण्यासाठी एकदम बरोबर होतं. पोरगं त्याच्याच बरहुकूम रात्री दोनला उठून भूक लागली म्हणायचं.

मग खोलीचा प्रश्न. वरच्या ज्या खोलीला तुम्ही ‘माझी खोली’ म्हणता, तिथे सोयाबीनच्या बियाण्याची पोती असतील. आश्चर्य दाखवा. बारा वर्षं खोलीनं तुमची वाट पाहत मोकळं राहायला हवं होतं, असा चेहरा करा. पोती जिन्याखाली गेली की घरच्यांना दार वाजवून आत यायला शिकवा. दादानं अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, शिकवलं. अण्णांचं म्हणणं एवढंच, की मग आम्ही सत्तर वर्षं दाराशी येऊन खाकरत होतो ते काय होतं?

आता मुख्य विषय, बाथटब. तो लागतोच. दिवसभराचा शीण त्याशिवाय उतरत नाही, असं वहिनी म्हणाल्या, आणि त्या तिथे दोन तास गाडी चालवून ऑफिस करत होत्या, त्यामुळे त्यांचा शीण खरा होता. पण गाव लातूर आहे, एवढं ध्यानात असू द्या. एप्रिल 2016 मध्ये या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिली गाडी दहा वाघिणींची, पाच लाख लिटर. स्टेशनावर लोक गाडी बघायला गेले होते, तसा मीही गेलो होतो. दादानं तेव्हा फोनवर विचारलं होतं, “बातम्यांत दाखवतायत ते आपलंच लातूर का?” टब दीडशे लिटरचा धरला, तर त्या अख्ख्या गाडीत आंघोळी बसतात 3,333. मी हा हिशेब जेवताना मांडला. माझ्या बायकोनं टेबलाखालून माझा पाय दाबला.

टब आला. प्लंबरनं तो बसवला आणि निघताना विचारलं, “जनावराला का?” पहिल्या आंघोळीला टाकीतलं पाणी निम्मं गेलं आणि नळ यायला अजून चार दिवस होते. दुसरी आंघोळ झालीच नाही. पण वस्तू वाया गेली असं समजू नका. ज्या रात्री नळाला पाणी येतं, त्या रात्री आता घागरी, पिंप, टाकी आणि सगळ्यात शेवटी टब भरतो. वर पत्रा झाकतो. डेंग्यूचं सर्वेक्षण करायला आलेल्या आशाताईंनी पत्रा उचलून आत बघितलं आणि रजिस्टरला नोंद केली: हौद, एक. गल्लीत एवढा गुळगुळीत हौद दुसऱ्या कुणाचा नाही.

पाण्याबाबत आणखी एक. तिथून टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायची कांडी जरूर आणा आणि ती प्रत्येक पेल्यात बुडवा. बोअरचा आकडा मोठ्यानं वाचून दाखवा. हे पाणी पिऊन अण्णा शहात्तर वर्षांचे झाले, ही गोष्ट विज्ञानात बसत नाही. तिच्याकडे दुर्लक्ष करा.

कॉफीचं मशीन आणलं असेल तर थेट लावा. तिथली वीज 120 व्होल्टची, इथली 230. आमच्याकडच्या मशीननं एकदाच कॉफी दिली, धुराची.

तारखाही तिथल्यासारख्याच लिहा. पोराचा वाढदिवस 8 जुलैला होता. दादानं नातेवाइकांच्या ग्रुपवर ‘07/08’ असं टाकलं आणि खाली विनंती केली की येणार की नाही ते कळवावं. कुणीच कळवलं नाही. आमच्याकडे येणारा माणूस कळवत नाही, येतो. 8 जुलैला घरच्या सात जणांनी दोन किलोचा केक तीन दिवस खाल्ला. 7 ऑगस्टला दुपारी बारा वाजता बावीस माणसं टॉवेल, टोपी आणि नारळ घेऊन दारात उभी. बायकोनं आणि आईनं तासाभरात वरण-भात, वांग्याची भाजी केली. दादा प्रत्येकाला तारखेची पद्धत समजावत होता. लोक म्हणाले, “असू द्या, पुढच्या महिन्यात परत करा, परत येऊ.”

आईला आहार शिकवायला विसरू नका. ज्वारीत ग्लूटेन नसतं, हे तिला कुणीतरी सांगायलाच हवं होतं. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरड धान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलं, हेही. आईनं तव्यावरची भाकर उलटत विचारलं, “मग बाकीच्या वर्षी काय खायचं?” ती टोमणा मारत होती की खरंच विचारत होती, हे मला अजून कळलेलं नाही.

गंजगोलाईत जाताना मोबाईलमधला नकाशा बघत जा. गोल बाजार, त्याला सोळा रस्ते फुटलेले. दादा दोन चकरा मारून निघाला तिथेच आला. भाव ऐकून मोठ्यानं ‘फक्त दोन डॉलर!’ म्हणा, म्हणजे पुढच्या वेळी आम्हालाही तोच भाव लागेल.

पोराची काळजी मात्र अजिबात करू नका. तेवढा एकच प्राणी तुमच्या हाताबाहेर जातो. आमचा पुतण्या दोन महिने कानात इअरफोन घालून बसला होता. मग गल्लीत क्रिकेट सुरू झालं. 17 सप्टेंबरला शाळेतून येऊन त्यानं दादाला विचारलं, “पंधरा ऑगस्टला झेंडा झाला, मग आज परत का?” दादाला पटकन सांगता येईना. तेव्हा पोरानंच सांगितलं, की देश 1947 ला सुटला तरी आपण निजामाकडे होतो, आपण 17 सप्टेंबर 1948 ला सुटलो, तेरा महिने उशिरा. ‘आपण’ म्हणाला. दादा म्हणाला, “व्हेरी गुड.” दिवाळीपर्यंत पोरगं मला दारातून हाक मारायला लागलं, “काका, काय करायलाव?”

येळवस आली की तुमच्या नियोजनाची खरी कसोटी. मार्गशीर्ष अमावास्येला लातूर ओस पडतं. दुकानं बंद, रस्ते मोकळे, सगळं गाव शेतात. दादानं आठ दिवस आधी पाहुण्यांना मोबाईलवर वेळेसकट निमंत्रणं पाठवली आणि कुणी काय आणायचं त्याची यादी केली. चुलत्यांनी विचारलं, “आपल्याच शेतात जायला कागूद कशाला?” शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपट, होती, आत चुना लावलेले पाच दगड पाच पांडव म्हणून मांडलेले. अण्णांनी ‘ओलगे ओलगे’ म्हणत आंबील शिंपडली. मग भज्जी, बाजरीचे उंडे, खीर. बांधावरून जाणारा दिसला की त्याला हात धरून बसवायचं, ओळख असो नसो. दादाच्या यादीत चौदा नावं होती. जेवले किती, कुणी मोजलं नाही.

जेवण झाल्यावर दादा बांधावर बसून अण्णांना कायदा समजावत होता. पोराचा पासपोर्ट अमेरिकेचा, इथे तो ओसीआय कार्डावर, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळतं त्या कार्डावर. त्या कार्डावर शेतजमीन विकत घेता येत नाही.

अण्णा म्हणाले, “इकत कशाला घ्यायची? त्याचीच हाय की.”

दादानं कायद्यात वारशाची सोय आहे, असं काहीतरी सुरू केलं आणि मधेच थांबून आंबिलीचा गाडगा पुढं ओढला.

घरी आल्यावर तो बाहेरच्या पायरीवर बसला होता. शेजारचे जाताना म्हणाले, “येळवस करूनच जाणार म्हणा यंदा!” तो ‘हो’ म्हणाला. आता तो वाद घालत नाही. तुम्हीही साताठ महिन्यांत इथवर याल.

पण आपलं वळण पूर्ण लागलं, असं तेवढ्यावर समजू नका. मार्चचा दुसरा आठवडा आला. संध्याकाळची वेळ, दादा आईशेजारी बसून शेंगा फोडत होता, वहिनी आत फोडणी देत होत्या, वर पोरगं दार आपटत होतं. आईनं भिंतीकडे बघितलं आणि मला म्हणाली, “मार्च लागला. ते घड्याळ तासभर पुढं कर.”

“अगं, ते तर इथंच आहेत,” मी म्हणालो.

“करून ठेव,” आई म्हणाली. “सांगता येत नाही.”

दादा खाली मान घालून शेंगा फोडत राहिला. मी स्टूल आणलं.