दाण्यांमुळे मटण पोटात सडतं म्हणे!

रविवार उजाडला की आमच्या लातूरच्या ग्रुपवर तो मेसेज फिरतोच. कुत्र्याला पाकिटातले तयार खाद्याचे दाणे आणि कच्चं मांस एका जेवणात कधीच देऊ नका. मांस चार तासांत पचतं, दाण्यांना बारा लागतात. दाणे वाट अडवतात आणि मांस पोटात सडतं. वर दोन पुरवण्या: कुत्रा म्हणजे घरातला लांडगा, त्याला धान्य पचत नाही; आणि नुसतं कच्चं दिलं तर काळजीच नको, त्याच्या पोटातलं आम्ल सगळे जंतू मारतं.

म्हणजे तेच आम्ल जंतूही मारतं आणि मांस सडूही देतं. लिहिणाऱ्याने आधी एक काय ते ठरवावं.

कुत्र्याचं जठर म्हणजे एसटी स्टँड नव्हे, की नांदेडची गाडी लागेपर्यंत दाण्यांनी फलाट अडवावा आणि मांसाने मागे ताटकळावं. पोटात गेलेलं सगळं एकत्र घुसळलं जातं. बारीक लगदा झालेलं आधी पुढे सरकतं, मोठे तुकडे मागे राहतात. किती वेळ लागेल हे तुकड्याच्या आकारावर, चरबीवर आणि कुत्र्याने किती खाल्लं यावर ठरतं. भिजवलेले दाणे चरबीच्या मटणाआधीही पुढे जातील. काही कुत्र्यांना असं मिश्र खाल्ल्यावर जुलाब होतात, हे खरं. पण ते बहुधा एकदम केलेल्या बदलाने किंवा चरबीने. हळूहळू सवय लावा.

लांडग्याचं थोडक्यात सांगतो. 2013 साली स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं, की पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. आपल्याकडच्या कारवान जातीच्या कुत्र्यांच्या पिढ्या ज्वारीच्या भाकरीवर वाढल्या, हे वेगळं सांगायला नको.

तिसरा मुद्दा मात्र माणसांच्या अंगाशी येणारा आहे. आम्लाने जंतू कमी होतात, संपत नाहीत. कुत्रा ठणठणीत दिसतो आणि त्याच्या विष्ठेतून साल्मोनेला हा जंतू बाहेर पडत राहतो. तोच कुत्रा लेकराचं तोंड चाटतो. फ्रीजरमध्ये साल्मोनेला मरत नाही, नुसता थांबतो. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात अंगणातल्या ताटलीत कच्चं मांस? 32 अंशांच्या वर तासाभरापेक्षा जास्त ठेवू नये असा नियम सांगतात. आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो.

त्याहून वाईट गोष्ट मेसेजमध्ये नाहीच. मागच्या पावसाळ्यात खाटकाच्या ओट्यावर शेळीचं काळीज पाहिलं. त्यात लिंबाएवढी पांढरट, पाण्याने भरलेली गाठ होती. त्याने सुरीने तेवढा भाग काढला आणि खाली बसलेल्या कुत्र्यांपुढे टाकला. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "कुत्र्याला काय होतंय?"

कुत्र्याला खरंच काही होत नाही. अशी गाठ हायडॅटिडची, म्हणजे एका पट्टकृमीच्या पिल्लांची, असू शकते. तिच्यातल्या सूक्ष्म डोक्यांपासून कुत्र्याच्या आतड्यात जेमतेम काही मिलिमीटरचे पट्टकृमी वाढतात. त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, केसांना, मातीला, भाजीला चिकटतात आणि आपल्या पोटात जातात. मग माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात तीच गाठ वर्षानुवर्षं वाढते आणि भलत्याच कारणाने केलेल्या सोनोग्राफीत सापडते. म्हणून काळीज, फोपसं, तिल्ली कच्ची देऊ नका, मग दाण्यांसोबत असो की दाण्यांशिवाय. जंताचं औषध देताना त्यात प्राझिक्वांटेल आहे का, हे डॉक्टरांना विचारा. साध्या गोल जंतांच्या औषधाने हे पट्टकृमी जात नाहीत.

प्रमाणही सांभाळावं. दाण्यांमध्ये कॅल्शियम-फॉस्फरसचं गणित बसवलेलं असतं. बिनहाडाच्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावापुरतं. दिवसाच्या कॅलरींपैकी दहावा हिस्सा वरचं दिलं तर गणित बिघडत नाही. अर्धं ताट मांसाचं झालं, तर वाढत्या पिल्लाची हाडं वाकू शकतात.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. मेसेज पाठवणाऱ्या भाच्याने लगेच विचारलं, "मामा, मग सकाळी दाणे आन् संध्याकाळी मटण दिलं तर चालंल का?"

दे की. दोन्ही एकदम दे. फोपसं तेवढं शिजवून घे.