पैसा कोणी मागितला, हे तरी दिसू द्या

अमेरिकेतलं आमचं गाव लहान आहे. पाण्याची मुख्य लाइन इतकी जुनी, की दर हिवाळ्यात कुठे ना कुठे फुटते. ती बदलायला आमच्या काँग्रेसमनने, म्हणजे इथल्या खासदाराने, केंद्राकडे पैसे मागितले होते. गावाने ठराव केला, लोकांनी पत्रं लिहिली, मीही लिहिलं. मार्च २०२५ मध्ये काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, उरलेल्या वर्षाचा खर्च एकाच ठरावात उरकला आणि देशभरातल्या प्रतिनिधींनी मागितलेल्या अशा सगळ्या स्थानिक कामांची (त्यांना इथे 'इअरमार्क' म्हणतात) यादीच गाळली. आमची लाइनही त्यात गेली. त्यावर आमच्या मराठी ग्रुपवर एका काकांनी लिहिलं, "बरं झालं, खिरापत बंद झाली."

काका, तुमचा राग मला समजतो. अलास्कात केचिकनहून ग्रॅव्हिना बेटावर जायच्या पुलासाठी २००५ मध्ये २२ कोटी डॉलरहून जास्त रक्कम ठेवली होती. बेटावर माणसं जेमतेम पन्नास. (विमानतळ त्याच बेटावर आहे, हेही सांगायला हवं; पण तिथे जायला फेरी होतीच.) त्याच वर्षी कॅलिफोर्नियाचे काँग्रेसमन रँडी कनिंगहॅम यांनी २४ लाख डॉलरची लाच घेतल्याचं कोर्टात कबूल केलं. लाच देणारे संरक्षण खात्याचे कंत्राटदार होते; त्यांच्या कामांसाठी ते असेच इअरमार्क मिळवून देत. २०११ मध्ये इअरमार्कवर बंदी आली, तेव्हा मलाही बरंच वाटलं होतं.

पण मागणं कुठे थांबलं? प्रतिनिधी सरकारी खात्यांना पत्रं लिहायला लागले, फोन करायला लागले. कोणी कशासाठी शब्द टाकला, याची यादी मतदाराच्या हाती येईना. २०२१ मध्ये ही पद्धत परत आली ती अटी घालून. प्रत्येक मागणी वेबसाइटवर टाकायची. खाजगी नफ्याच्या कंपनीला पैसा द्यायचा नाही. कामात आपला किंवा घरच्यांचा आर्थिक संबंध नाही, असं लिहून द्यायचं. आमच्या लाइनची मागणी मी त्या यादीत स्वतः वाचली, रकमेसकट आणि मागणाऱ्याच्या नावासकट. बंदीच्या दहा वर्षांत मला हे कुठे वाचायला मिळालं असतं?

आपल्याकडचा खासदार निधी १९९३ पासून आहे. खासदार काम सुचवतो, मंजुरी जिल्हा प्रशासन देतं आणि वर्षाचे ५ कोटी प्रत्येकाला सारखेच. इथे तसं नाही. खर्चाच्या समितीवर जो बसला, त्याच्या मतदारसंघाला जास्त मिळतं. हा अन्याय आहे आणि त्याविरुद्ध मी तुमच्या बाजूने बोलेन. माझ्या माहेरच्या गावात सभामंडपावर खासदारांचं नाव केवढं तरी मोठं रंगवलंय, तेही मला खटकतं. पण छत गळायला लागलं तेव्हा कोणाकडे जायचं, हे गावाला विचारावं लागलं नाही.

आमच्या गावाने पुन्हा ठराव केलाय. मीही पुन्हा पत्र दिलंय. काका, यादी उघडा आणि त्यातलं कुठलं काम खिरापत आहे, ते मला दाखवा. ते खरंच तसं निघालं, तर त्याच्या विरोधातलं पत्रही मी लिहीन.