विमान येतं, पण कुठे येतं?

आमच्या दांडिया बाजारातल्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय. सार असं: “परराष्ट्र खात्याचा प्रवास-सल्ला म्हणजे हात झटकणं, तो काही कायदा नाही. तिकीट काढलंय ना, खुशाल जा. काही झालंच तर सरकार विमान पाठवतं. विमा असतोच. दूतावासात नाव नोंदवायची कटकट कशाला, पासपोर्टवर सगळं असतं.” शेजारचा मुलगा पुढच्या महिन्यात इस्रायलला कामाला निघालाय. त्याच्या आईने हा मेसेज मला अगदी निर्धास्तपणे वाचून दाखवला, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

विमान येतं, हे खरं आहे. 2022 साली युक्रेनमधल्या युद्धातून भारतीयांना आणायच्या ‘ऑपरेशन गंगा’त 90 उड्डाणं झाली. पण त्यातलं एकही युक्रेनमध्ये उतरलं नाही. 24 फेब्रुवारीला रशियाचा हल्ला झाला त्याच दिवशी तिथलं आकाश बंद झालं. विमानं उभी होती पोलंड, रुमानिया, हंगेरी, स्लोव्हाकियात. तिथवर ज्याचं त्याने पोचायचं. माझा भाचा तेव्हा खार्किवला मेडिकलला होता. आधी मेट्रो स्टेशनच्या फरशीवर रात्री काढल्या. 2 मार्चला दूतावासाने कळवलं की ताबडतोब शहर सोडा, वाहन मिळत नसेल तर पायी शहराबाहेरच्या पेसोचिनला निघा. वाटेत त्याच्या उजव्या बुटाचा तळवा सुटला. चार्जरच्या वायरीने तो बांधून पोरगं बर्फातून चालत राहिलं.

सुदानमध्येही तेच. एप्रिल 2023 मध्ये लढाई पेटली आणि खार्टुमचा विमानतळच बंद पडला. बहुतेकांना बसने आठशेवर किलोमीटर पोर्ट सुदानला जावं लागलं, तिथून जेद्दा.

आता ‘हात झटकणं’. युक्रेनमध्ये राहणं गरजेचं नसेल त्यांनी तूर्त निघावं, असा सल्ला 15 फेब्रुवारीला आला होता. हल्ल्याच्या नऊ दिवस आधी! त्या नऊ दिवसांत विमानतळ उघडे होते. भाच्याने तिकीट काढलं ते 26 तारखेचं, कारण हजेरी बुडेल ही भीती. त्याला मी दोष देत नाही. घरून आम्हीच सांगत होतो, “अरे, काही होत नाही.” ते वाक्य मला अजून टोचतं.

सल्ला म्हणजे बंदी नव्हे, एवढं मेसेजात बरोबर आहे. पण येमेनला 2017 पासून भारतीय पासपोर्टवर जायला खरोखरच बंदी आहे. तेव्हा कुठल्या देशासाठी काय लिहिलंय ते नीट वाचावं.

विम्याचं एका ओळीत सांगते. बहुतेक ट्रॅव्हल पॉलिसींत युद्ध, आक्रमण, यादवी हे सगळं वगळलेलं असतं. एजंटाला ते कलम बोट ठेवून दाखवायला सांगा.

आणि नोंदणी. पासपोर्टवर तुमचा तिथला पत्ता नसतो, तिथला मोबाईल नंबर नसतो. आज तुम्ही कुठल्या गावात आहात हे दूतावासाला कळणार कसं? भाच्याचा फोन बंद पडला तेव्हा ताईने दिल्लीच्या कंट्रोल रूमला फोन लावला. त्यांनी पहिलं विचारलं, पासपोर्ट नंबर. घरात कुणाकडेच नव्हता. ताई कपाटातले कागद जमिनीवर ओतून शोधत होती आणि मी फोन धरून “एक मिनिट हं, एक मिनिट” म्हणत होते. शेवटी शाळेच्या दाखल्यामागे घडी घातलेली व्हिसाची झेरॉक्स सापडली, तिच्यावर नंबर होता.

शेजारच्या मुलाला काल घरी बोलावलं. पोचल्या दिवशीच दूतावासाच्या संकेतस्थळावर नाव नोंदव, राहशील तिथला हल्ल्याच्या वेळी लपायचा निवारा पहिल्याच संध्याकाळी पाहून घे, थोडे डॉलर रोख जवळ ठेव, असं सांगितलं. त्याच्या पासपोर्टच्या दोन झेरॉक्स काढल्या. एक त्याच्या आईच्या देवघराच्या खणात आहे, दुसरी माझ्याकडे.