मोकळीक देतो म्हणणाऱ्या शाळेला आधी काय विचारावं

आपल्याकडं लातूर-नांदेडला लेकरू अजून बोबडं बोलतंय तवर आईबापाच्या डोक्यात डॉक्टरकीची नीट परीक्षा चालू होते. केजीतल्या लेकराला होमवर्क, वर अजून ट्यूशन. त्यामुळं कुणी म्हणलं की आमच्याकडं पुस्तक नाही, परीक्षा नाही, लेकरू त्याच्या मनानं वाढतं, की लगेच भारी वाटतं बगा. मलाबी वाटतं. पण ही मोकळीक नेमकी कुठपर्यंत आणि ती कुणी ठरवली हे कुणीच विचारत नाही, फी किती तेवढंच विचारतेत.

आता वॉल्डॉर्फ शाळाच घ्या, आपल्याला जवळ म्हणलं तर हैदराबादला आहेत. पहिली शाळा 1919 ला जर्मनीत श्टुटगार्टला निघाली, सिगारेट कारखान्यातल्या कामगारांच्या पोरांसाठी, रुडॉल्फ श्टाइनर या तत्त्वज्ञाच्या विचारावर. लाकडी खेळणी, नाकडोळे जेमतेम असलेल्या बाहुल्या (बाकीचं लेकरानं मनात भरायचं), गोष्टी, मातीकाम, टीव्ही नको, सगळं मस्त आहे. लिहाय-वाचायला सातेक वर्षाचं झाल्यावर. पण हे सात कुठून आलं? तर श्टाइनरचं म्हणणं असं की दुधाचे दात पडतात तेव्हा माणसाच्या आतलं एक सूक्ष्म शरीर मोकळं होतं, त्याच्या आधी लेकराच्या डोक्याला ताण दिला तर वाढीची शक्ती तिकडं खर्च होते. त्याच्या तत्त्वज्ञानात पुनर्जन्मपण आहे. आता आपल्याला पुनर्जन्माचं काय नवल, पण ॲडमिशनच्या वेळी हे सांगतंय कोण? आणि ओल्या कागदावर रंग सोडून चित्र काढायची त्यांची पद्धत, दिसायला फार सुंदर, पण रंग बहुतेक वेळा बाई ठरवणार, मग वर्गातली सगळी चित्रं एकमेकांची भावंडं दिसली तर त्यात लेकराचं काय राहिलं?

माँटेसरीतपण तसंच की. गुलाबी मनोऱ्याचे ठोकळे मोठ्यावर लहान असेच रचायचे, त्याची रेल्वे केली तर कडक शिस्तीच्या ठिकाणी बाई हळूच थांबवतात.

बालशिक्षणात काम केलेल्या ताराबाई मोडकांचं मला त्यासाठीच जास्त पटतं. त्यांनीबी माँटेसरीच घेतली, पण 1945 ला पालघरकडच्या बोर्डीत आणि पुढं तिथल्याच कोसबाडला अनुताई वाघांसंगं काम करताना महागड्या साहित्याऐवजी शिंपले, बिया, दगडगोटे घेतले, आणि आदिवासी लेकरं गुरं राखायला जातेत म्हणून शाळेत येत नाहीत हे दिसल्यावर शाळाच कुरणात नेली. म्हणजे तत्त्व होतंच, पण लेकरू बघून ते वाकवलं.

तत्त्वज्ञानाला माझा विरोध नाही, रट्टा मारायच्या शाळेमागंपण एक असतंच, मार्काचं. फक्त शाळेनं ते आधी आईबापाला उघड सांगावं. एका ठिकाणी मी हे विचारलं तर म्हणाले, हळूहळू कळेल तुम्हाला. अहो, एवढी फी घेताना हळूहळू घेता का?

परभणी, बीड, संभाजीनगरकडं कुणाचं लेकरू अशा शाळेत असंल तर कमेंटमध्ये सांगा, लेकरानं काळा रंग मागितला की बाई देतेत का ते पण.